घरच्या स्पार्क इरोजन मशीनवर पीसीबी बनवताना या चुका टाळा

स्पार्क इरोजन म्हणजे द्रवात बुडवलेला धातू विजेच्या ठिणग्यांनी कोरणं. पोलादी साचा कोरायचा असो की पीसीबीवरचं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचं) तांबं काढायचं असो, ठिणगीचं काम तेच. फरक एवढाच की पीसीबीवर तांब्याचा थर जेमतेम 35 मायक्रॉनचा असतो आणि त्याखाली वीज न वाहणारं एफआर-4 (काचतंतू आणि इपॉक्सीचा पत्रा). सर्वांत त्रासदायक बिघाड यातूनच येतात.

जोडणी साधी धरू: 60 व्होल्ट डीसी, 100 ओहमचा रेझिस्टर, त्यातून चार्ज होणारा कपॅसिटर (लाझारेंको दाम्पत्याच्या नावाने ओळखलं जाणारं आरसी सर्किट), टंगस्टनची टोकदार सळई आणि आर्डुइनोवर (छोट्या कंट्रोलर बोर्डावर) चालणारं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने टोक हलवणारं यंत्र.

बेट तुटतं आणि टोक बोर्डात घुसतं

पुरवठ्याची क्लिप लावलेली असते बाहेरच्या तांब्याला. एखाद्या ट्रॅकभोवतीची रेघ पूर्ण झाली की आतलं तांबं बेटासारखं वेगळं पडतं आणि त्याला पुरवठा उरत नाही. दुसऱ्या फेरीत ठिणगी फक्त बाहेरच्या कडेला उडते, आतली कड ओबडधोबड राहते. त्याहून वाईट म्हणजे, या बेटावर टोक आलं की गॅपवर (टोक आणि तांबं यांच्यातल्या फटीवर) पूर्ण 60 व्होल्ट दिसतात. सर्व्होला, म्हणजे गॅपचं व्होल्टेज पाहून टोक वर-खाली करणाऱ्या नियंत्रणाला, वाटतं अंतर जास्त आहे. तो झेड अक्ष (टोकाची उभी हालचाल) खाली उतरवत राहतो आणि टोक तांब्यातून आरपार जातं किंवा मोडतं. तांबं निघून एफआर-4 उघडं पडलं तरी हेच होतं.

उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. प्रत्येक रेघेत न कापलेल्या तांब्याचा अर्धा मिलिमीटरचा पूल सोडा, सगळ्या फेऱ्या उरका आणि पूल अगदी शेवटी कापा. एकात एक रेघा असतील तर आतली आधी. दुसरं, झेडला खालची मर्यादा घाला: बोर्डाच्या पृष्ठभागापासून 0.05 ते 0.06 मिमी खाली, त्याखाली सर्व्होने काहीही मागितलं तरी उतरायचं नाही. बोर्ड कधीच सपाट नसतो, म्हणून ही मर्यादा एका आकड्याने चालत नाही. दर 10 मिमीवर उंची मोजून नकाशा करा. मोजणी कमी व्होल्टेजवर करा, नाहीतर प्रत्येक स्पर्शाला खड्डा पडेल.

कपॅसिटर मोठा घेणं

ठिणगीची ऊर्जा ½CV² (C कपॅसिटरची क्षमता, V व्होल्टेज). 60 व्होल्टवर 0.1 मायक्रोफॅरडला 0.18 मिलिज्यूल, 10 मायक्रोफॅरडला 18. शंभरपट! एवढ्या उष्णतेने तांबं एफआर-4 पासून सुटतं, कडा वर उचलल्या जातात आणि इपॉक्सी जळून कोळसा होतो. हा कोळसा वीज वाहतो, त्यामुळे दिसायला तुटलेल्या दोन ट्रॅकमध्ये मल्टीमीटर काही किलोओहम दाखवतो. 0.1 पासून सुरुवात करा आणि काम फारच रेंगाळलं तरच 0.47 पर्यंत जा. कोळसा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कडक ब्रशने निघतो.

कपॅसिटर पॉलिप्रोपिलीन फिल्मचाच हवा, इलेक्ट्रोलिटिक नको. तो टोकाजवळ बसवा. लांब तारेच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज उलटसुलट हेलकावतं.

ठिणग्यांऐवजी एकाच जागी पिवळसर उजेड

हा आर्क आहे, म्हणजे न तुटता चालू राहणारा प्रवाह. रेझिस्टर फार लहान असला की प्रवाह तुटतच नाही आणि गॅपला सावरायला वेळ मिळत नाही. रेझिस्टर वाढवा. शॉर्ट झाल्यावर 100 ओहममधून 0.6 अँपिअर जातात, म्हणजे 36 वॉट. 50 वॉटचा ॲल्युमिनियम खोळीचा रेझिस्टर घ्या आणि पत्र्यावर कसा.

टोक झिजतं, तांबं निघत नाही

पोलॅरिटी उलटी आहे. एवढ्या लहान पल्समध्ये पॉझिटिव्ह बाजू जास्त झिजते, म्हणून बोर्ड पॉझिटिव्ह आणि टोक निगेटिव्ह. टिग वेल्डिंगची सळई वापरणार असाल तर लाल टोकाची थोरिएटेड (थोरियम मिसळलेली) नको. तिची घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते.

द्रव

ज्या द्रवात बोर्ड बुडवून काम करायचं, त्यासाठी नळाचं पाणी अजिबात नको. त्यातून गळती होते, कपॅसिटर पूर्ण चार्ज होत नाही आणि तांबं विद्युत-विघटनाने खरवडल्यासारखं होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण ते हिरवट दिसायची वाट न पाहता बदला. रॉकेल घरात वापरूच नका. ठिणगी पृष्ठभागाजवळ आली की वाफ पेट घेते.

आर्डुइनो अडकतो, लिमिट स्विच आपोआप लागतो

ठिणगीचा रेडिओ गोंगाट तारांत शिरतो आणि अक्षाच्या टोकाचा थांबा सांगणारा लिमिट स्विच दाबल्यासारखा वाटतो. आर्डुइनोचा आतला पुल-अप (पिनला पुरवठ्याच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर) 20 ते 50 किलोओहमचा, तो इथे कमजोर पडतो. बाहेरून 1 किलोओहम लावा, पिनजवळ 0.1 मायक्रोफॅरड द्या, तार शील्डची घ्या. गॅपचं व्होल्टेज वाचणारी तार ऑप्टोकपलरमधूनच (विजेची जोडणी न करता प्रकाशाने सिग्नल पोचवणाऱ्या भागातून) आत येऊ द्या.

आणि पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधूनच घ्या. 230 व्होल्ट सरळ ब्रिज रेक्टिफायरला जोडले तर फिल्टरनंतर 325 व्होल्ट डीसी मिळतात, तेही मेनशी थेट जोडलेले, आणि शेजारी पाण्याचा ट्रे.