गाठ वाढली की मोजपट्टी बदलली?

वेस्टिब्युलर श्वानोमावर, म्हणजे ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या नसेवरच्या कॅन्सर नसलेल्या गाठीवर, थिसिस घेतलाय म्हणजे आठवी नस, मर्लिन हे प्रथिन, ते बनवणारं एनएफ२ जनुक हे सगळं वाचून झालेलं असणार. घात तिथे होत नाही. तो होतो 'गाठ वाढली' एवढे दोन शब्द लिहिताना.

एमआरआय रिपोर्टमधला आकडा उचलून थेट एक्सेलमध्ये टाकू नका. पुन्हा सांगते, टाकू नका! एका सेंटरने अंतर्कर्ण नलिकेतला (ही नस ज्या हाडाच्या बोगद्यातून जाते त्यातला) भाग धरून २२ मिमी लिहिलेलं असतं, दुसऱ्याने फक्त बाहेरचा भाग मोजून १३. गाठ तीच. नलिका साधारण १ सेंमी लांब, फरक तिच्यातच जातो. नलिकेतली लांबी आणि बाहेरचा सर्वांत मोठा व्यास असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि दोन्ही स्वतः मोजा. त्यासाठी सीडीतली मूळ डायकॉम फाइल (स्कॅनची मापांसकट डिजिटल प्रत) लागते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही.

मग स्लाइसची जाडी. ८ मिमीची गाठ ३ मिमीच्या स्लाइसमध्ये जेमतेम तीन चित्रांत येते आणि कडेच्या चित्रात गाठ किती, मेंदूभोवतीचं पाणी किती, हे कळत नाही. कॉन्ट्रास्ट (गाठ उजळवणारं औषध) दिलेला, १ मिमी स्लाइसचा टी१ प्रकारचा एमआरआय हवा. जुना स्कॅन जाड आणि नवा पातळ असेल तर ती जोडी सरळ वगळा.

किती वाढीला 'वाढ' म्हणायचं, व्यासात २ मिमी की घनफळात २० टक्के, हा निकषही आधीच ठरवा, एथिक्स कमिटीकडे जाण्यापूर्वी. व्यास १० चा १२ मिमी झाला की घनफळ ०.५२ वरून ०.९० घन सेंमी होतं, म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त वाढ. उलट घनफळ २० टक्के वाढलं तरी व्यास १०.६ च होतो, पट्टीवर तो दिसतही नाही. त्यामुळे '२ मिमी' आणि '२० टक्के' हे निकष एकाच रुग्णाबद्दल वेगवेगळं बोलतात. तुलना नेहमी पहिल्या स्कॅनशी करा. दरवर्षी १ मिमी वाढणारी गाठ मागच्या स्कॅनशी ताडली तर चार वर्षं 'स्थिर'च राहते.

घाबरू नका, यातून वाट आहे. नॉर्वेतल्या व्ही-रेक्स चाचणीत याच गाठीचे १०० रुग्ण होते. चार वर्षांनंतरचं घनफळ भागिले सुरुवातीचं, एवढाच मुख्य आकडा: लगेच रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमका किरणोपचार) केलेल्यांत ०.८७, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत १.५१. हे गुणोत्तर थिसिसलाही पुरतं. मात्र रेडिओसर्जरीनंतर पहिल्या वर्ष-दीड वर्षात गाठ फुगू शकते आणि पुष्कळदा आपोआप उतरते. त्या फुगीला 'अपयश' लिहिलंत तर अख्खा तक्ता खोटा ठरतो.

'रेट्रोस्पेक्टिव्ह (जुन्या नोंदींवरचा अभ्यास) घे, सहा महिन्यांत उरकेल' असं म्हणणाऱ्या गाइडचं ऐकू नये. अर्धा वेळ सीडी शोधण्यातच जातो. त्यापेक्षा २० स्कॅन दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजा, दोन आठवड्यांनी तेच पुन्हा मोजा. आपापसातला फरकच २० टक्के निघाला, तर २० टक्के वाढीचा निकष तुम्हाला झेपणारा नाही.

ऐकण्याच्या नोंदी त्यामानाने सोप्या. फक्त स्पीच टेस्टला मराठी रुग्णासाठी मराठी शब्दयादीच वापरा, आणि पहिल्या व नंतरच्या दोन्ही तपासण्यांना तीच.