गच्चीवर गॅस गीझर: ड्रिल लावण्याआधीची तयारी

बडोद्यात गच्चीवर, म्हणजे शेजारपाजारच्या भाषेत अगाशीवर, गॅस गीझर बसवायचा असेल तर काम नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान उरकून घ्यावे. पाऊस गेलेला असतो आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला सगळी गल्ली वर चढायच्या आत जोडणी पारखून होते.

सुरुवात गॅसपासून नको, पाण्यापासून करा. टेप घेऊन टाकीच्या तळापासून गीझरच्या पाणी घेणाऱ्या तोंडापर्यंतची उंची मोजा. पाण्याचा पुरेसा दाब आला तरच गीझरमधला पडदा सरकतो आणि बर्नर पेटतो. साधारण ०.२ ते ०.३ बार लागतो, म्हणजे २ ते ३ मीटर उंची. नेमका आकडा गीझरच्या पाटीवर असतो. टाकी गच्चीवरच दोन विटांच्या ओट्यावर असेल तर हा दाब मिळणारच नाही. ठिणगीची टकटक ऐकू येते, ज्योत पेटत नाही आणि लोक सेल बदलत बसतात. टाकी जिन्याच्या केबिनच्या स्लॅबवर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप लावा. पंप फक्त गरम लाइनवर लावला तर गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ उघडताच गरम पाणी थंड लाइनमध्ये घुसते, म्हणून तो दोन्ही लाइनींच्या आधी घ्या.

आता जागा. ऊन-पाऊस लागू नये म्हणून गीझर जिन्याच्या केबिनमध्ये टांगायचा मोह होतो. तो टाळाच. हिवाळ्यात गच्चीचे दार बंद असते, ज्योतीला हवा कमी पडते आणि तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड जिन्यावाटे घरात पसरू शकतो. त्याला वास नसतो. १ घनमीटर गॅस जळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते, यावरून कोंदट जागेचे काय होईल ते समजावे. गीझर केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर, वर पत्र्याचे छप्पर देऊन लावा. पुढची बाजू आणि निदान एक कड उघडी ठेवा. बिनधुराड्याच्या साध्या गीझरला तर उघडी जागाच हवी. धुराडे असलेल्या मॉडेलच्या नळीचे तोंड खिडकी, दार किंवा शेजाऱ्याच्या जाळीपासून निदान एक मीटर दूर असावे. ते कठड्याच्या आडोशाला ठेवू नका, तिथे वारा भोवरा करून धूर परत आत ढकलतो. तोंडावर पावसाची टोपी हवीच. गॅस जळताना पाण्याची वाफही होते, तिचे आडव्या नळीत गार होऊन पाणी होते. म्हणून नळीला उतार बाहेरच्या बाजूला द्या.

गॅसकडे वळू. गीझर पीएनजीचा, म्हणजे पाइपने घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूचा, आहे की सिलिंडरचा, हे खोक्यावर नव्हे, गीझरच्या पाटीवर वाचा. पीएनजी घरात २१ मिलिबारने येतो, सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार देतो, आणि दोघांच्या जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोके वेगवेगळी असतात. पीएनजीचा गीझर सिलिंडरला जोडला तर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. उलट केले तर पाणी कोमटच राहते. जेट बदलायचे काम कंपनीच्या माणसाचे, सुईने भोक मोठे करणाऱ्याचे नव्हे. मीटरपुढचे वाढीव कनेक्शनही गॅस कंपनीकडे अर्ज करूनच घ्या. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला तासाला सुमारे १.२ घनमीटर गॅस जातो. घरगुती ‘जी १.६’ प्रकारचा गॅसमीटर तासाला २.५ घनमीटरपर्यंत देतो, तेव्हा एक गीझर आणि शेगडी सहज चालते. दोन गीझर एकदम चालवले तर मात्र शेगडी मंदावते. वर नेलेल्या अर्ध्या इंची पाइपाला एल्बो, म्हणजे वळणाचे सांधे, जितके कमी तितके बरे. गीझरशेजारी हाताला येईल असा बंद करायचा कॉक हवाच. सिलिंडर वापरायचा असेल तर तो सावलीत, उभा आणि पावसाच्या पाण्याच्या मोरीपासून दूर ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, मोरीत उतरून खाली साचतो.

गरम लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप, वापरा, साधे पीव्हीसी मऊ पडून वाकते. १५ मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे जवळजवळ पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. १२ मीटरच्या लाइनीतले दोन लिटर थंड पाणी दर वेळी वाहून जाणार. म्हणून गीझर न्हाणीघराच्या डोक्यावरच येईल असे पाहा. वरून फोमचे आवरण घाला आणि उन्हाने त्याचा चुरा होऊ नये म्हणून त्यावर पत्रा किंवा टेप.

जोडणी झाली की शेगडी आणि गीझर बंद ठेवून मीटरचा शेवटचा आकडा दहा-पंधरा मिनिटे पाहा, तो हलता कामा नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला गच्चीवरून खाली पाठवा. मग गीझर पेटवून गॅसचा कॉक बंद करा, ज्योत विझली पाहिजे. कॉक उघडून, पुन्हा पेटवून पंधरा मिनिटे चालवा: ज्योत निळी हवी, टोके पिवळी दिसली की बंद करून कंपनीचा माणूस बोलवा.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आणखी एक फेरी मारा. हात भाजेल इतक्या तापणाऱ्या धुराड्याच्या नळीभोवती जाळी आहे ना, गॅसचा पाइप पोरांच्या पायाखाली येत नाही ना, हे बघा. वासी उत्तरायण, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पतंगबाजी, आटोपले की टोपीत गुंतलेला मांजा कापून काढा आणि मगच गीझर पेटवा.