साध्या लॅपटॉपवर थ्रीडी आणि त्यापुढची नॉनलिनिअर वेव्ह इक्वेशन कशी सोडवायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्टला हा विषय मिळाला की बरेच जण पहिल्याच दिवशी थेट थ्रीडी कोड लिहायला बसतात. तसं करू नका ओ. आधी वन-डीत सगळं पक्कं करा आणि मगच वर चढा, थ्रीडीत एक चुकलेलं चिन्ह शोधायला आठवडा जातो.

इक्वेशन ही घ्या: यू (वेव्हची उंची) चा वेळेनुसार दुसरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे यू चा लाप्लासियन (प्रत्येक दिशेतल्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची बेरीज) वजा यू चा घन. पद्धत लीपफ्रॉग, म्हणजे आत्ताच्या आणि एक स्टेप मागच्या यू वरून पुढचा काढायची, त्याला पायथन आणि त्याची नमपाय लायब्ररी पुरे. आत्ताच्या यू ची दुप्पट, त्यातून जुना यू वजा, आणि त्यात डीटीचा (एका स्टेपच्या वेळेचा) वर्ग गुणिले इक्वेशनची उजवी बाजू मिळवली की नवीन यू आला. पहिल्या स्टेपला जुना यू नसतोच, तिथं सुरुवातीचा यू, अधिक डीटी गुणिले सुरुवातीचा वेग, अधिक डीटीच्या वर्गाचा अर्धा गुणिले उजवी बाजू असं घ्या, हा शेवटचा अर्धा तुकडा गाळला तर सेकंड ऑर्डरची (स्टेप निम्मी केली की चूक चौथाई होणारी) पद्धत फर्स्ट ऑर्डरवर (चूक फक्त निम्मी होणारी) येते आणि कुठं बिघडलं तेच कळत नाही.

डीटी मनाला येईल तेवढा ठेवता येत नाही. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ साली दिलेली अट आहे, वेव्हचा स्पीड १ असेल तर वन-डीत डीटी हा डीएक्सपेक्षा (ग्रिडच्या शेजारच्या दोन पॉइंटमधल्या अंतरापेक्षा) मोठा नको, टू-डीत डीएक्सच्या ०.७०७ पट आणि थ्रीडीत ०.५७७ पट. नॉनलिनिअर टर्म (तो घन) आहे म्हणून थ्रीडीत सरळ ०.५ धरा.

आता टेस्ट, हीच खरी मेहनत. एनर्जी, म्हणजे वेव्हची एकूण ऊर्जा जी खऱ्या उत्तरात बदलत नाही, दर थोड्या स्टेपनी काढा, ती किंचित हलेल पण एका बाजूला सरकत जायला नको. डीएक्स आणि डीटी दोन्ही निम्मे, परत निम्मे करून तीन रन घ्या, लागोपाठच्या रनमधले फरक साधारण चौपटीनं कमी झाले पाहिजेत. मग घनाचं चिन्ह उलटं करून सगळीकडे यू आणि वेग दोन्ही २ चं वर्गमूळ ठेवा, बाउंड्री पिरिऑडिक (एक कड समोरच्या कडेला जोडलेली). याचं उत्तर हातानं निघतं, २ चं वर्गमूळ भागिले (१ वजा टी), टी म्हणजे वेळ, म्हणजे टी १ ला पोचताना यू अनंताला जातो. कोडमधला स्फोट डीटी बारीक करत गेल्यावर १ च्याच जवळ येत गेला तर तो खरा. दुसऱ्या कुठल्या रनमधे ग्रिड बारीक केल्यावर स्फोट आणखी आणखी लवकर व्हायला लागला तर तो इक्वेशनचा नाही, अनस्टेबल कोडचा आहे.

मेमरीचा हिशोब आधीच करा. बाजूला २५६ पॉइंट धरले तर थ्रीडीत १,६७,७७,२१६ पॉइंट, डबल प्रिसिजनचा (दर आकड्याला ८ बाइट) एक ॲरे १२८ एमबी, असे चार लागतात म्हणजे अर्धा जीबी, चालतंय की. फोर-डीत एकच ॲरे ३२ जीबी, विषय संपला. आणि थ्रीडीत डीएक्स निम्मा केला की पॉइंट आठपट, स्टेप दुप्पट, काम सोळापट. रन लांबणार असेल तर मधेमधे आत्ताचा आणि जुना असे दोन्ही यू फाइलला सेव्ह करा, पावसाळ्यात खानापूर साइडला लाईट गेली तर तिथनंच पुढं चालू होतं.

फोर-डी, फाइव्ह-डी पाहिजेच असेल तर सुरुवात गोल, म्हणजे फक्त आर (केंद्रापासूनचं अंतर) वर अवलंबून असलेली घ्या. मग लाप्लासियन म्हणजे आर नुसार दुसरा डेरिव्हेटिव्ह अधिक (डायमेन्शन वजा १) भागिले आर गुणिले पहिला डेरिव्हेटिव्ह, सगळं वन-डीत येतं. आर शून्याला भागाकार अडतो, तिथं डायमेन्शन गुणिले दुसरा डेरिव्हेटिव्ह टाका, आणि डायमेन्शन वाढेल तसा डीटी अजून कमी करा. बाउंड्रीची कटकट टाळायला सुरुवातीच्या गोळ्याची त्रिज्या अधिक एकूण वेळ, याच्यापेक्षा थोडी मोठी रेंज ठेवली की वेव्ह कडेला पोचतच नाही. गोल नसलेल्या केसला मात्र पूर्ण ग्रिडचा हट्ट सोडून गणितज्ञ स्मोल्याकच्या १९६३ च्या कल्पनेवरचे स्पार्स ग्रिड (सगळे न घेता निवडक पॉइंटच घेणारे) बघा, पण ते सोल्यूशन गुळगुळीत असेल तरच कामाचे.