शॉप फ्लोअरवरून सॅपकडे: लाइन बदलायची असेल तर

चाकण-भोसरी पट्ट्यात क्वालिटी, प्रॉडक्शन नाहीतर स्टोअर्समध्ये सात-आठ वर्षं घासली की एक दिवस माणूस म्हणतो, ‘बास झालं, आयटीत जाऊ.’ आणि रविवारी पायथनचा क्लास लावतो. तिथे शेजारी बसलेला असतो बावीस वर्षांचा पोरगा. तो अर्ध्या पगारात काम करायला तयार असतो आणि त्याला रात्री पोराला झोपवायचं नसतं. त्याच्याशी त्याच्याच मैदानात कशाला खेळायचं?

मी मूळची इचलकरंजीची. डिप्लोमा, मग बीई मेकॅनिकल आणि त्यानंतर चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत इनकमिंग क्वालिटी, म्हणजे सप्लायरकडून आलेल्या मालाची तपासणी. आता हिंजवडीत सॅपची कन्सल्टंट आहे. सॅप म्हणजे कारखान्याची खरेदी, स्टॉक, प्रॉडक्शन, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचे कामागणिक भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. माझं क्यूएम, म्हणजे क्वालिटी मॅनेजमेंट. ओळखीतले बरेच जण ‘कसं केलंस’ विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जुन्या कामावर पाणी सोडायचं नाही, तेच विकायचं. खुर्ची बदला, धंदा तोच ठेवा.

आधी हे मार्केट का आहे ते समजून घ्या. बहुतेक मोठ्या कारखान्यांत सॅपचं जुनं व्हर्जन, ईसीसी, वर्षानुवर्षं चालत आलंय. त्याचा नेहमीचा मेंटेनन्स सॅप कंपनी २०२७ अखेर थांबवणार आहे. जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत आहे. त्यामुळे २०१५ साली आलेल्या एस-फोर हाना या नव्या व्हर्जनवर जाण्याची गडबड सगळीकडे चालू आहे. अशा प्रोजेक्टमध्ये ज्याला गेट एंट्रीपासून डिस्पॅचपर्यंत प्लांट कळतो असा माणूस लागतोच. पण म्हणून कोणी दारात हार घेऊन उभं नाही. मागणी आहे ती अनुभवी लोकांना, नव्या माणसाला शिरायची फट अरुंद आहे. ती कुठून गाठायची, तेच पुढे लिहिलंय.

मॉड्यूल निवडताना यूट्यूबवर ‘हायेस्ट पेइंग मॉड्यूल’ शोधू नका. तुम्ही दिवसभर काय करता ते बघा. स्टोअर्स-परचेसवाल्याने एमएम, प्लॅनिंगवाल्याने पीपी, मेंटेनन्सवाल्याने पीएम, डिस्पॅचवाल्याने एसडी, अकाउंट्सवाल्याने फायको. क्यूएमच्या नुसत्या जागा कमी निघतात, म्हणून क्वालिटीवाल्यांनी सोबत पीपी किंवा एमएम जुजबी तरी शिकावं.

राजीनाम्याच्या आधी, आहे त्याच खुर्चीत

सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि लोक नेमकं हेच उडवून लावतात.

तुम्ही सॅप आधीच वापरत असता, फक्त बटणं दाबण्यापुरतं. माझं रोजचं उदाहरण घ्या. कास्टिंगची गाडी येते. स्टोअरवाला ‘मिगो’ या स्क्रीनवर एकशे एकची, म्हणजे माल आल्याची एंट्री मारतो. माल क्वालिटी स्टॉकमध्ये पडतो आणि इन्स्पेक्शन लॉट, म्हणजे त्या मालाच्या तपासणीची नोंद, आपोआप तयार होतो. आपण क्यूए बत्तीस ही लॉटची स्क्रीन उघडतो, रीडिंग भरतो, यूजेज डिसिजन (यूडी) म्हणजे माल घ्यायचा की नाही तो निर्णय देतो. मग माल लाइनला मोकळा होतो, नाहीतर सप्लायरकडे परत जातो. यूडी द्यायला उशीर झाला की पंधरा मिनिटांत फोन: ‘मॅडम, लॉट क्लिअर करा, लाइन थांबलीय.’

आता याच साखळीत प्रत्येक ठिकाणी ‘हे आलं कुठून?’ विचारायला लागा. पाच नग तपासा असं स्क्रीन सांगते, ते पाच कोणी ठरवले? सॅम्पलिंग प्रोसिजरने. बोअरचा व्यास आणि टॉलरन्स कुठून आला? इन्स्पेक्शन प्लॅनमधून. एका मटेरियलला लॉट पडतो आणि दुसऱ्याला पडतच नाही, हे कसं? मटेरियल मास्टरच्या क्यूएम व्ह्यूमध्ये इन्स्पेक्शन टाइप चालू आहे का बघा. खरेदीच्या मालाला शून्य-एक, प्रॉडक्शन चालू असतानाच्या तपासणीला शून्य-तीन, तयार मालाच्या पावतीला शून्य-चार. इंटरव्ह्यूत मला अडकवणारे निम्मे प्रश्न याच जातीचे होते, आणि उत्तरं क्लासच्या नोट्समधून नाही, त्या थांबलेल्या लाइनवरून आली.

दुसरं म्हणजे, की-यूजर व्हा, म्हणजे तुमच्या डिपार्टमेंटचा सॅप नीट कळणारा, आयटीशी बोलणारा माणूस. प्रत्येक कंपनीत आयटी डिपार्टमेंटला एक ‘सॅपवाले सर’ असतात, ज्यांना लोक फक्त भांडायला फोन करतात. त्यांच्याशी नीट वागा. महिनाअखेर सोडून भेटा. टेस्टिंगला माणसं हवी असतात तेव्हा सगळे अंग चोरतात, तेव्हा हात वर करा. नवीन प्लांट, नवीन रिपोर्ट, अपग्रेड, काहीही असो, यूएटीत (वापरणाऱ्यांनी करायच्या शेवटच्या टेस्टिंगमध्ये) बसा, टेस्ट स्क्रिप्ट लिहा, बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला तुमची प्रोसेस समजावून सांगा. सीव्हीत ‘की-यूजर, यूएटी, एंड-यूजर ट्रेनिंग’ हे तीन शब्द खरेपणाने लिहिता आले की तुम्ही फ्रेशर राहत नाही. एचओडींकडून नाव घातलेली एक मेल जरूर मिळवा. कंपनीचे स्क्रीनशॉट, ड्रॉइंग मात्र घरी नेऊ नका. उद्या तेच तुमच्या अंगाशी येईल.

क्लास आणि ‘एक्स्पिरियन्स दाखवून देतो’वाले

क्लास लावायचाच तर फी भरण्याआधी दोन-तीन गोष्टी तोंडावर विचारा. शिकवणारा सध्या प्रोजेक्टवर आहे का? सर्व्हरचा ॲक्सेस अधिकृत आहे का आणि किती महिने? ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट’ म्हणजे कागदावर नेमकं काय? शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला की उठा. सॅपच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर बराच अभ्यास फुकट आहे. महिनाभर तो करून बघा, रस टिकला तर पैसे खर्च करा. सर्टिफिकेशनची परीक्षा विकतची असते आणि नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळत नाही, पण फ्लोअरच्या अनुभवासोबत ते जोडलं की वजन पडतं.

काही ठिकाणी हळू आवाजात सांगतात, ‘तीन वर्षांचा सॅपचा अनुभव दाखवून देतो, लेटर, पगारपत्रक सगळं.’ नैतिकतेचं बाजूला ठेवा, हे व्यवहारातच बसत नाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तुमच्या यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरून, सर्व्हिस हिस्ट्री बघतात. त्यात चाकणच्या कंपनीची नोंद महिन्यागणिक पडलेली असते. आयकर खात्याच्या नोंदीत टीडीएस कोणी कापला तेही दिसतं. जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी पकडलं गेलं तर ही नोकरीही जाते आणि जुनी सोडलेलीच असते. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे खरा आठ वर्षांचा प्लांटचा अनुभव आहे, तोच खोट्या तीन वर्षांसाठी पैसे मोजतो.

नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारे कन्सल्टंट वेगळेच. पैसे मागितले की फोन ठेवा.

सीव्ही, नौकरी आणि नव्वद दिवसांचा नोटीस

सीव्ही दोन पानं. ‘इनकमिंग इन्स्पेक्शनची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी कोणत्या कमोडिटी, महिन्याला साधारण किती लॉट, प्लॅन आणि सॅम्पलिंग सॅपमध्ये तुम्ही बनवलं की नुसतं वापरलं, ब्लोहोलच्या (कास्टिंगमधल्या पोकळ्यांच्या) तक्रारीवर सप्लायरकडून एट-डी, म्हणजे आठ पायऱ्यांची दुरुस्ती, कशी बंद केली, आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी ऑडिटमध्ये तुमच्याकडे काय होतं, असं लिहा. हेडलाइनमध्ये ‘क्वालिटी इंजिनिअर’ एकटं ठेवलंत तर फोन येतील ते क्वालिटी इंजिनिअरच्याच जागांसाठी. ‘सॅप क्यूएम की-यूजर’ पुढे आणा.

नौकरी डॉट कॉमवर रिक्रूटर नोटीस पिरियडची चाळणी लावतात. कारखान्यांत दोन-तीन महिन्यांचा नोटीस असला की तुम्ही चाळणीतच गळता. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा: बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटायची सोय, आहे का, असल्यास कोणाच्या मर्जीवर, शिल्लक रजा त्यात धरतात का. काहीजण ‘सर्व्हिंग नोटीस’ दाखवता यावं म्हणून ऑफर नसतानाच राजीनामा टाकतात. फोन वाढतात हे खरं. पण घराचा हप्ता तुमच्या पगारावर चालत असेल तर माझ्या मते हा जुगार खेळू नये. प्रोफाइल मात्र आठवड्यातून दोनदा हलतं ठेवा. बरेच रिक्रूटर अलीकडे ॲक्टिव्ह असलेलेच लोक शोधतात.

मधला रिकामा काळ

याबद्दल कोणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात धडाधड फोन येतात, तुम्ही पार्किंगमध्ये उभं राहून हळू आवाजात बोलता, वाटतं महिन्यात सुटलो. मग सगळं शांत. दिवाळीत पॅनल सुट्टीवर, डिसेंबरात क्लायंटची माणसं सुट्टीवर. दोन राउंड छान होतात आणि तिसऱ्यात ‘एंड-टू-एंड इम्प्लिमेंटेशन (नव्याने सॅप बसवायचा पूर्ण प्रोजेक्ट) नाही ना केलंय’ म्हणून सोडून देतात. एका ठिकाणी तर एचआरने पगाराचं बोलून घेतलं आणि नंतर फोनच उचलला नाही.

यावर माझा उपाय रुक्ष आहे. एक वही ठेवा. प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर त्याच रात्री फक्त अडलेले प्रश्न लिहा, ‘कसं वाटलं’ ते लिहू नका. त्या प्रश्नांची उत्तरं रविवारी शोधा. काही महिन्यांत तेच तेच प्रश्न फिरून यायला लागतात, आणि वही पातळ राहिली की समजावं तयारी झाली. घरी प्रत्येक इंटरव्ह्यूचं सांगू नका, जोडीदार सोडून कोणालाच नाही. आमच्या आत्याला एकदा कळलं, तर पुढची प्रत्येक संकष्टी ‘लागला का गं तो जॉब?’ने सुरू व्हायची, आणि लगेच ‘परमनंट आहेस, बस दारात येते, कशाला सुखाचा जीव…’ वगैरे. त्यांचं चुकत नाही. कॅन्टीन, बस आणि बोनस यांना त्यांच्या हिशोबात किंमत आहे, आणि ती तुमच्याही हिशोबात असली पाहिजे, त्यावर खाली येते.

इंग्रजीची भीती असेल, मराठी माध्यमातल्या आपल्यापैकी बहुतेकांना असते, तर उत्तर आधी मराठीत मोठ्याने सांगून बघा. मराठीत गोष्ट सरळ सांगता आली नाही तर अडचण इंग्रजीची नसून मुद्द्याची आहे. मराठीत जमलं की तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत बसवा. पॅनलला ॲक्सेंट नको असतो, लॉट का पडला नाही ते हवं असतं.

ऑफर हातात आल्यावर

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा आकडा बघून पेढे वाटू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के, विम्याचा हप्ता आणि मिळेल-न-मिळेल असं व्हेरिएबल, सगळं कोंबलेलं असतं. एचआरकडून महिन्याला हातात पडणारा आकडा लेखी मागा. मग जुन्या बाजूला बस, कॅन्टीन, ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस यांची किंमत मांडा आणि नव्या बाजूला हिंजवडीचं पेट्रोल. पहिली उडी जवळजवळ त्याच पगारावर घ्यावी लागली तर घ्या, मीही तशीच घेतली. खरी वाढ पुढच्या बदलात मिळते, सीव्हीवर एक प्रोजेक्ट चढल्यावर.

पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटचा बेसिक आणि डीए गुणिले पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. बेसिक-डीए मिळून २६,००० आणि आठ वर्षं झाली असतील तर १,२०,००० रुपये. एवढे कोणी हसत सोडत नाही.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडील त्यात असतील तर राजीनाम्याच्या आधी त्यांची वेगळी पॉलिसी बघा. शुगर-बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांना वैयक्तिक पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते नोटीस पिरियडमध्येच विचारा.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्सही लागतो. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एग्झिट’ टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. नाहीतर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात आणि व्हेरिफिकेशनवाले प्रश्न विचारतात. रिलीव्हिंग लेटर आणि टीडीएसचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत जुन्या एचआरशी गोडच बोला.

आणि शेवटचं, जे लोक विचारायचं विसरतात: काम इम्प्लिमेंटेशनचं आहे की सपोर्टचं, म्हणजे चालू सॅपच्या तक्रारी सोडवायचं? थर्ड शिफ्टला कंटाळून आलेल्या माणसाला अमेरिकन क्लायंटच्या सपोर्टवर टाकलं की पुन्हा रात्रच. शिफ्ट, शिफ्ट अलाउन्स आणि रात्रीची कॅब, तिन्ही ऑफर स्वीकारण्याआधी मेलवर मागा. बायकांनी हे जरूर विचारावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तुमच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि बोलावलं तर सुरक्षिततेची आणि घरी सोडायची सोय कंपनीने करायची असते. एचआर ‘ते टीममध्ये ठरतं’ म्हणाली तर टीम लीडचा नंबर मागा आणि त्यालाच विचारा.