522 ला मिळालं, 612 ला नाही

नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा मी तीन वेळा दिली. 2023 ला 561, 2024 ला 612 आणि 2025 ला 522 मार्क पडले. ॲडमिशन झालं ते 522 वर, तेही सरकारी कॉलेजात. हे तीन आकडे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, माझं सगळं रडगाणं त्यांच्यातच आहे.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. सुट्टीत घरी गेले की कुणाची तरी माय पोराला पुढे ढकलून विचारते, अवंदा देऊ दे का एक साल थांबू दे? बारावीत असाल तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे: द्या. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण होत असतील तर बसता येतं. किती वेळा द्यायची याला बंधन नाही, वरच्या वयाचीही अट नाही. म्हणजे पहिली संधी वाया गेली असं काही नसतं. फक्त ‘अनुभव म्हणून देते’ असं घरात बोलू नका. हे वाक्य मी डिसेंबरात बोलले आणि मार्चमध्ये त्याचाच आधार घेऊन झोपा काढल्या. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि नीट यांच्यात जेमतेम सहा-सात आठवडे मिळतात. ते अनुभवासाठी नसतात.

माझे ते आठवडे कापसात गेले. अक्षरशः. 2023 च्या उन्हाळ्यात खानदेशातल्या निम्म्या घरांत कापूस पडून होता, आदल्या साली भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता म्हणून. अप्पांनी माझ्या अभ्यासाच्या खोलीत छतापर्यंत थप्पी लावली होती. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची, मग मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि ओट्यावर बसलं की गाव येतं. रोज संध्याकाळी अप्पा म्हणायचे, अजून आठ दिवस थांबू. शेवटी सात हजारांच्या आसपास विकला. वजनात घट आली ती वेगळीच.

हे कापसाचं उगाच सांगत नाही. महिनाभराने मीही तेच केलं.

निकाल लागला, 561. ओबीसीतून शेवटच्या फेरीपर्यंत वाट पाहिली, वीसेक मार्कांनी हुकलं. आणि घरात एक वाक्य जन्माला आलं: ‘फक्त वीस मार्क.’ मामा म्हणाले, फक्त वीस तर कमी पडले. क्लासचे सर म्हणाले, वीस म्हणजे पाच प्रश्न, वर्ष हातात आहे, पाच प्रश्न काय, पन्नास वाढतील. मलाही पटलं. माझं वर्ष ज्या खड्ड्यात गेलं तो खड्डा हाच, म्हणून इथे जरा जास्तच बोलणार आहे.

वीस मार्क हे अंतर नसतं. अंतर म्हटलं की दुसरं टोक जागेवर असावं लागतं. नीटमध्ये दुसरं टोक दरवर्षी उठून दुसरीकडे जाऊन बसतं. मी मार्कांत जिथून हुकले होते तिथे पुढच्या वर्षी पोचले, पोचले कसली, तीस मार्क पुढेच गेले. आणि तिथे जागाच नव्हती. 2024 ला अभ्यासक्रम कमी केलेला, पेपर सोपा गेलेला. आदल्या वर्षी साधारण 20 लाख पोरं बसली होती, त्या वर्षी 23 लाखांच्या वर. नुसतं पात्र ठरायला खुल्या गटात 2023 ला 137 लागत होते, 2024 ला 162 लागले. माझे 51 मार्क वाढले आणि रँक सतरा-अठरा हजारांनी मागे गेली. परत एकदा वाचा: मार्क वाढले, रँक घसरली. पुन्हा वीस-पंचवीस मार्कांनी हुकलं. अप्पांना हे समजावताना मला कापसाचंच उदाहरण द्यावं लागलं: माल चांगला आला, पण सगळ्यांचाच चांगला आला. ते लगेच समजले.

म्हणून ‘किती मार्कांनी हुकलं’ यावर पुढचं वर्ष ठरवू नका. रँक बघा. राज्याच्या 85 टक्के कोट्यात तुमच्या प्रवर्गाची शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या याद्यांतून काढा, एका वर्षाचं नको, तीन वर्षांचं काढा. आणि त्याहून महत्त्वाचं, मार्क कुठे गेले ते बघा. परीक्षा घेणारी एनटीए उत्तरसूची टाकते तेव्हा तुमच्या ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रतही दिसते आणि प्रश्नपत्रिका तर घरीच आलेली असते. एक दुपार लागते. मी ती दुपार 2023 ला दिली नाही. का, तर भीती वाटली. ओएमआर उघडला की चुका दिसतील, त्यापेक्षा ‘फक्त वीस’ गोड होतं.

त्या वर्षी बायोलॉजीत 360 पैकी 325 होते, केमिस्ट्री 134, फिजिक्स 102. हे बघून कुणीही सांगेल की वर्ष कशावर घालवायचं. मी काय केलं? बाहेरगावच्या क्लासमध्ये रिपीटर बॅचला नाव घातलं. फी आणि होस्टेल मिळून दीड लाखाच्या वर गेले. बॅच जूनमध्ये पहिल्या धड्यापासून सुरू झाली, तिन्ही विषयांची. मला जे येत होतं तेच मी सहा महिने पुन्हा शिकले आणि रोज शाबासकी मिळवली. फिजिक्समधलं रोटेशनल मोशन आलं तोपर्यंत मी टेस्टमध्ये बायोलॉजीच्या जोरावर वरच्या वीसांत बसायचे, त्यामुळे फिजिक्सची भगदाडं कुणाला दिसली नाहीत. सर चांगले होते, हे खरं. पण दोनशे पोरांच्या वर्गात कुणाचा ओएमआर कोण उघडून बघणार?

मग 2024 चा जून. 4 तारखेला निकाल, 67 जणांना 720 पैकी 720. पेपरफुटी, ग्रेस मार्क, 1563 जणांची 23 जूनला फेरपरीक्षा, कोर्टाच्या तारखा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी लिहायचं, पूर्ण परीक्षाच परत होणार. मी पुस्तकं उघडायचे आणि मिटायचे. 23 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. तोवर माझे दीड महिने मोबाइलवर गेले होते. घरी माय काही बोलायची नाही, पण शेजारच्या काकू भांडी घासता घासता विचारायच्या, ‘कितला मार्क पडनात?’ आणि मी सांगितलं की म्हणायच्या, एवढे पडूनही नाही? त्यांचं चुकत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मी ती दुपार दिली. वहीचं पान तीन भागांत वाटलं. 612 मध्ये 20 प्रश्न चुकले होते, दोन सोडले होते. चुकलेल्यांत अजिबात येत नव्हते असे फक्त पाच. दोन पर्यायांत अडकून टाकलेले सहा. आणि येत असून घालवलेले नऊ! एका ठिकाणी ‘अयोग्य विधान ओळखा’ होतं, मी योग्य ओळखलं. एका गणितात सेंटिमीटर तसेच ठेवले. एक उत्तर तर आधी बरोबर होतं, प्रश्नपत्रिकेवर मीच त्याला गोल केला होता आणि ओएमआरवर शेजारचा भरला. चुकीच्या एका प्रश्नाला चार जातात आणि वर एक कापला जातो. नऊ पाचे पंचेचाळीस. माझं सरकारी कॉलेज त्या पानावर शेवटच्या रकान्यात पडलं होतं आणि मी दीड लाख भरून पहिला रकाना भरत बसले होते.

दुसऱ्यांदा थांबायचं की नाही, ते या पानावरून ठरवा असं माझं मत आहे. चुका मुख्यतः ‘येतच नाही’ रकान्यात असतील आणि तुम्ही वर्षभर मनापासून अभ्यास केलेला असेल, तर तोच क्लास तीच पुस्तकं घेऊन आणखी एक वर्ष थांबणं मला धोक्याचं वाटतं. चुका शेवटच्या, ‘येत असून घालवले’ रकान्यात असतील तर वर्ष कामी येतं, पण ते धडे वाचून नाही, वेळ लावून पेपर सोडवून. दुपारी दोन ते पाच, पंखा बंद पडला तरी. आमच्याकडे मेमध्ये 44 अंश असतात आणि परीक्षा त्याच वेळेला असते. मी घरी झोपाळ्याच्या खोलीत बसून सोडवायचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर पोरी झोके घेत गाणी म्हणत होत्या तेव्हाही. 2025 ला आखाजी 30 एप्रिलला आणि नीट 4 मेला होती. सांजोरी खाल्ली, गाणं म्हटलं नाही. आता वाटतं, एक म्हणायला हरकत नव्हती.

मेंटॉर लोकांबद्दल दोन शब्द, कारण राग अजून गेलेला नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेली पोरं महिन्याला पैसे घेऊन व्हॉट्सॲपवर ‘आज बारा तास झाले का?’ विचारतात. मी तीन महिने भरले. माझ्या मेंटॉरला माझे फिजिक्सचे मार्क शेवटपर्यंत माहीत नव्हते. त्यापेक्षा आमच्या तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातले निवृत्त फिजिक्सचे सर बरे. रविवारी ओट्यावर बसवून एकच गणित तीन रीतींनी सोडवायला लावायचे आणि चहा पाजायचे. पैसे घेतले नाहीत, आईने कळण्याचं पीठ पोचवलं तेवढंच.

थांबणार असाल तर थांबायच्या वर्षातच कागद उरका. जातवैधतेचा अर्ज बारावीत केला नसेल तर आज करा, नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघा. माझ्या बॅचच्या एका पोराची रँक माझ्यापेक्षा चांगली होती. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही, खुल्यातून बसावं लागलं.

आणि घाबरू नका, खरंच. माझी मैत्रीण 2023 लाच बीएएमएसला गेली. मी तिसऱ्यांदा फॉर्म भरत होते तेव्हा ती नाडीपरीक्षेवर बोलायची, तेव्हा माझी जळजळ व्हायची. ती मजेत आहे. थांबणं मोठेपणाचं नाही आणि न थांबणं हार नाही. मात्र निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. त्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण हुशार असतो.

2025 चा पेपर आठवला की अजून हात गार पडतात. पर्यायी प्रश्न काढलेले, 180 प्रश्नांना 180 मिनिटं, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा वीस मिनिटं कमी. फिजिक्स असं की शेजारच्या बाकावरची मुलगी रडायला लागली. मी पहिल्या फेरीत फिजिक्सचे बारा सोडले आणि पुढे गेले, कारण वर्षभर तेवढंच शिकले होते: सोडायचं. बाहेर आले तेव्हा वाटलं, संपलं. देशात पहिला आलेल्यालाही 686 पडले होते. माझी रँक आदल्या वर्षीपेक्षा चाळीस हजारांहून जास्त पुढे आली होती.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. गावात कुणी विचारलं की अप्पा अजून 612 च सांगतात. 522 सांगायला त्यांना कसंतरी होतं.