परसबागेतील वाफ्यांवर आच्छादन घालण्याची योग्य पद्धत

वाफ्यावर पालापाचोळा पसरला की आच्छादन झाले, असे समजले जाते आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. आच्छादन ओलावा निर्माण करत नाही. मातीची जी स्थिती असेल ती ते टिकवून धरते. कोरड्या मातीवर आच्छादन घातले तर वरून दिलेले थोडेसे पाणी पाचोळाच पिऊन टाकतो आणि माती कोरडीच राहते. चिखलावर घातले तर चिखल टिकतो आणि मुळे गुदमरतात. म्हणून पहिले काम मातीला वाफशावर आणण्याचे आहे. वाफ्याला भरपूर पाणी द्यावे आणि नंतर रोज मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा बांधला गेला, तो बोटाने टोचताच फुटला आणि हाताला चिखल लागला नाही, म्हणजे वाफसा आला असे समजावे. काळ्या मातीला यासाठी दोन-तीन दिवस लागतात, तर कोकणातील जांभ्या मातीला बरेच कमी.

त्याच दिवशी तण काढून घ्यावे. बियांपासून उगवणाऱ्या तणाला प्रकाश मिळाला नाही की ते आपोआप दबते, परंतु लव्हाळा आणि हरळी यांचे तसे नाही. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी कितीही जाड थर फोडून वर येतात, त्यामुळे त्या खुरप्याने खणून काढण्याला पर्याय नाही.

आता साहित्याविषयी. आपल्याकडे पौष ते फाल्गुन या काळात झाडांची पाने गळतात आणि नेमकी त्यानंतर उन्हाळ्यात वाफ्यांना आच्छादनाची सर्वाधिक गरज असते. असे असताना तीच पाने गोळा करून जाळली जातात, याचे मला फार वाईट वाटते. आंबा आणि फणस यांची पाने चिवट असल्याने उशिरा कुजतात आणि अखंड ठेवली तर एकमेकांवर चिकटून पाणी अडवतात. म्हणून ती वाळल्यावर पायाने चुरडून घ्यावीत. गिरिपुष्प आणि सुबाभूळ यांचा पाला उलट स्वभावाचा आहे: तो काही आठवड्यांतच विरघळल्यासारखा नाहीसा होतो, पण जाताना मातीला नत्र देऊन जातो. त्यामुळे चुरडलेल्या पानांमध्ये हा पाला मिसळणे मला सर्वांत उत्तम वाटते. देशावर उसाचे पाचट आणि कोकणात भाताचा पेंढा सहज मिळतो. दोन्हींचे वीतभर तुकडे करावेत. नारळाची सोडणे वापरायची असल्यास त्यांची फुगीर बाजू वर ठेवावी, अन्यथा त्यांच्या खोलगट भागात पाणी साचून डास होतात. बी धरलेले गवत, रोगट झाडांचे अवशेष आणि प्लायवूडचा भुसा मात्र वाफ्यात आणूच नये.

पाचट, पेंढा किंवा लाकडाचा भुसा यांमुळे झाडे पिवळी पडतात, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण कारण समजून घेतले पाहिजे. हे पदार्थ कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागते आणि पदार्थात ते पुरेसे नसल्यामुळे ते मातीतून घेतात. आच्छादन पृष्ठभागावरच राहिले तर हा परिणाम मातीच्या अगदी वरच्या पातळ थरापुरता राहतो. तेच साहित्य मातीत मिसळले तर मुळांच्या वाट्याचे नत्र जाते. म्हणून आधी मातीवर पूर्ण कुजलेल्या खताचा बोटभर थर द्यावा, त्यावर आच्छादन पसरावे आणि खणण्याच्या मोहात पडू नये.

जाडी साहित्यानुसार ठरते. चुरडलेली पाने आणि पाचट यांचा थर ५ ते ७ सेंटीमीटर असावा, भुसा किंवा तूस यांचा २ ते ३ सेंटीमीटर पुरतो, आणि हिरवळीचे कापलेले गवत वाळवून अगदी पातळ पसरावे, कारण ओले गवत दाट बसते आणि कुबट वास येऊ लागतो. ४ फूट रुंद व ८ फूट लांब वाफ्याला ७ सेंटीमीटर थरासाठी सुमारे २०० लिटर, म्हणजे साधारण तीन पोती पाने लागतात. ती महिन्याभरात खाली बसतात, तेव्हा थोडी भर घालावी लागते.

सर्वांत जपण्याची जागा म्हणजे खोडाचा बुंधा. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या बुंध्याभोवती चार बोटे आणि मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. खोडाला ओला पाचोळा सतत टेकून राहिला तर साल मऊ पडते आणि खोडकूज होते. माझी वांग्याची एक संपूर्ण ओळ मी याच चुकीमुळे गमावली आहे. मेथी, कोथिंबीर अशा थेट पेरलेल्या पिकांत रोपे बोटभर उंच होईपर्यंत थांबावे आणि नंतर दोन ओळींच्या मध्येच आच्छादन द्यावे. हळद आणि आले यांचे कोंब जाड असल्याने ते थर भेदून वर येतात, म्हणून त्यांवर लागवडीच्या वेळीच पाला घालता येतो.

उन्हाळ्यात पाणी देण्यापूर्वी थर बाजूला करून माती बोटाने तपासावी. वरचा पाचोळा वाळलेला दिसला तरी खाली ओल असते. पावसाळ्यात थर निम्मा करावा, कारण ओल्या पाचोळ्याखाली शंखी गोगलगायी दडून बसतात. त्या सकाळी लवकर वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. तरीही वाफा पूर्ण उघडा ठेवू नये, नाहीतर पावसाचे थेंब माती उडवून पानांवर नेतात आणि त्यासोबत रोगही जातात. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटींपासून आच्छादन दीड-दोन फूट दूर ठेवावे, म्हणजे वाळवीला आडोसा मिळत नाही.

हंगाम संपल्यावर झाड उपटू नये, जमिनीलगत कापावे. नव्या रोपाच्या जागेपुरता पाचोळा हाताने बाजूला सारावा, खड्डा करून रोप लावावे, पाणी द्यावे आणि बुंधा मोकळा ठेवून तोच पाचोळा पुन्हा जवळ ओढून घ्यावा.