वाळूतल्या कोपेपॉडची नवी प्रजाती कशी ओळखावी

कोपेपॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या नात्यातले बारीक प्राणी; काही वाळूच्या कणांमध्ये राहतात. ते मिळवायला गुहागरसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीला खड्डा खणा. तळाशी पाणी झिरपलं की ते ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओता. वाळूचा नमुना घेतलात तर त्यावर आधी मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी घाला, लिटरला ७५ ग्रॅम. हे प्राणी कणांना घट्ट धरून बसतात, गुंगी आली की सोडतात. दहा मिनिटांनी ढवळून वरचं पाणी चाळणीत ओता, असं तीन-चारदा. अर्धा नमुना डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, अर्धा ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये. इथवर काहीच कठीण नाही.

कठीण आहे ते पाय सुटे करणं. हार्पॅक्टिकॉइड, म्हणजे बहुतेक तळाच्या वाळू-चिखलात राहणाऱ्या गटातला कोपेपॉड, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, आणि त्याची ओळख पायांवरच्या राठ केसांच्या संख्येवर ठरते. किडे टोचायच्या पिना वापरा, असा सल्ला मला मिळाला होता. तो ऐकून मी दहा-बारा माद्या चिरडल्या. त्या पिना फार जाड असतात. टंगस्टनच्या तारेच्या सुया हव्यात, आणि टोक बोथट झालं की त्याच क्षणी थांबायचं.

सुई लावण्याआधी अखंड प्राण्याचं चित्र काढा, पाठीकडून आणि कुशीवरून. याची घाई करू नका. नंतर तो प्राणी पुन्हा जोडता येत नाही. मग लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात त्याला कुशीवर ठेवा, एका सुईने डोकं दाबून धरा आणि दुसरीने मागून पुढे या. आधी पोटाचा भाग, मग पाचवी जोडी, मग चौथी, तिसरी. पोहण्याच्या पायांची प्रत्येक जोडी मधल्या पट्टीने जोडलेली असते, ती जोडी अखंड निघाली पाहिजे. तोंडाजवळचे अवयव शेवटी. एका स्लाइडवर एकच जोडी ठेवा. काचेखाली पाय चेंगरतो, म्हणून कव्हरस्लिपचे बारीक तुकडे टेकू म्हणून लावा.

आता मोजणी. चौथ्या पायाच्या आतल्या शाखेवर मला तीन केस दिसले. ज्ञात प्रजातीत चार होते. दोन महिने मी नवी प्रजाती मिळाली असं धरून चाललो होतो. दुसऱ्या मादीत चौथा केस जागेवर होता. पहिलीचा माझ्याच सुईने तुटला होता. केस तुटला तरी त्याची गोल खोबण उरते. १०० पट भिंगाखाली, तेल लावून, ती शोधा. डावा-उजवा पाय ताडून पाहा. किमान तीन माद्या आणि एक नर पाहिल्याशिवाय ‘नवी’ हा शब्द उच्चारू नका. एका मोडक्या नमुन्यावर नाव दिलं, तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती चूक उपसावी लागते.

जुळवणीसाठी त्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचा. कार्ल लँग यांचा हार्पॅक्टिकॉइडांवरचा १९४८ चा जर्मन ग्रंथ आजही टाळता येत नाही. फक्त तक्ते पाहून निष्कर्ष काढू नका, चित्रं पाहा.

नाव छापताना शोधनिबंध फक्त ऑनलाइन असेल, तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद करून ती निबंधातच द्या. होलोटाइप, म्हणजे नावाला आधार असलेला एकमेव नमुना, म्हणून मी अखंड मादी ठेवतो; सुट्या पायांच्या स्लाइड पॅराटाइपमध्ये, म्हणजे वर्णनाच्या बाकीच्या नमुन्यांत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने अधिकृत भांडाराकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं भांडार आहे. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, अल्कोहोलमध्ये शाई उतरते.